डब्यातला गळ आधी काढून टाका

वाचकाचं पत्र :

"ताई, मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कामाला आहे. वय 26. रविवार मिळाला की मित्रांबरोबर किल्ले करतो. आता दिवाळीनंतर वासोटा आणि नागेश्वर एकाच दिवसात करायचं घाटतंय. त्यासाठी ऑनलाइन एक 'सर्व्हायव्हल किट' मागवलं. पत्र्याच्या डबीत होकायंत्र, वायरची करवत, मासे धरायचा गळ आणि दोरा, चकमक, छोटा आरसा, चाकू, शिवाय पॅराकॉर्डचं, म्हणजे बारीक मजबूत नायलॉन दोरीचं विणलेलं कडं. डबी उघडली तेव्हा मेढ्याचे मामा घरी होते. ते म्हणाले, 'किल्ल्यावर चाललाय का कोयनेत मासे धरायला?' सगळे हसले. आई म्हणते, पांघरुणापासून सगळं सामान नीट घेऊन जा, नाहीतर जाऊच नको. मित्र म्हणतात, मोबाईल आहे की, बाकी कशाला पाहिजे. खिशात मावेल एवढ्या डब्यात खरंच काय ठेवावं? आणि असाच डबा बहिणीला करून द्यावा का? ती सांगलीला दिली आहे, गावभागात. 2019 ला त्यांच्या घरात पाणी होतं. — अ. ज., सातारा"

अ. ज., तुमच्या मामांच्या बाजूने माझं मत. गळ काढून टाका, त्याच्याबरोबरचा दोराही. वासोटा अभयारण्यात येतो आणि तिथे मासेमारी चालत नाही हे आहेच. पण चालत असती तरी पाय मुरगळलेला, कुडकुडणारा माणूस अंधारात शिवसागरच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या काठावर गळ टाकून बसेल, हे काही मला पटत नाही. अन्नावाचून माणूस कित्येक दिवस काढतो, पाण्यावाचून दोन-तीन दिवस. ओल्या अंगाने वाऱ्यात बसलेला माणूस मात्र काही तासांत असंबद्ध बोलायला लागतो, जॅकेटची चेन लावता येत नाही, आणि आपल्याला काहीतरी होतंय हेच त्याला कळेनासं होतं. आधी ऊब, मग पाणी, आणि जेवणाचं सकाळी बघू. हा क्रम धरला की तुमच्या डबीतलं निम्मं सामान आपसूक बाहेर पडतं.

हे सामान त्या डबीत आलं कुठून, तेही सांगते, कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचं एमआय 9 नावाचं खातं होतं. विमान पडून शत्रूच्या मुलखात उतरलेल्या वैमानिकाला लपतछपत परत येता यावं, म्हणून त्यांनी खिशात मावणाऱ्या पेट्या बनवल्या. ख्रिस्टोफर क्लेटन हटन नावाच्या गृहस्थांचं डोकं त्यामागे होतं. बटणात लपवलेलं होकायंत्र, रेशमी कापडावर छापलेले नकाशे, माल्टेड दुधाच्या गोळ्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, गळ आणि दोरा असा सगळा मामला. वायरची करवत तर त्याहून जुनी. लिओनार्दो जिल्यी या इटालियन प्रसूतीतज्ज्ञाने ती हाड कापण्यासाठी काढली होती. आजच्या ऑनलाइन डब्या याच घराण्यातल्या.

आता त्या वैमानिकाची अडचण बघा. त्याला दिवसेंदिवस एकट्याने काढायचे होते, आणि कुणाच्याही नजरेला पडायचं नव्हतं. तुम्हाला एक रात्र काढायची आहे, आणि लवकरात लवकर सापडायचं आहे. त्याची पेटी लपण्यासाठी होती, तुमचा डबा सापडण्यासाठी हवा. वस्तू हातात घेतली की दोनच प्रश्न विचारा : हिने मी कुणाला सापडेन का? हिने माझी रात्र निघेल का? दोन्हीला उत्तर 'नाही' आलं तर ती वस्तू घरी.

आपल्याकडे माणूस अडकतो तो कसा? जिल्ह्याच्या पश्चिमेला, म्हणजे वासोटा, बामणोली, तापोळा, कास या पट्ट्यात, साधारण एकाच तऱ्हेने. ग्रुप लांबतो. पुढचे चार जण पुढे जातात, मागचा एक जण बुटाची नाडी बांधायला थांबतो आणि नागेश्वरच्या फाट्यावर भलतीच पायवाट धरतो. नाहीतर पाय मुरगळतो आणि दोन तासांची उतरण पाच तासांची होते. वासोट्याला बोटीची वेळ पाळावी लागते, गडावर मुक्कामाला परवानगी नाही, आणि दिवाळीनंतर सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दाट झाडीत अंधार त्याच्याही आधी अर्धा तास पडतो. पावसाळ्यात कास-ठोसेघरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर धुकं उतरलं की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, आणि सडा सगळीकडून सारखाच. पूर्वेला वर्धनगड, महिमानगड, वारुगड इकडे मात्र सगळा खेळ उलटा. महाबळेश्वरला वर्षाला 5500 ते 6000 मिलीमीटर पाऊस, तर माण तालुक्यात तो 500 च्या आसपास. तिकडे मार्च-एप्रिलमध्ये माणूस अंधारात हरवत नाही, उन्हाने पडतो. तेव्हा एकच डबा जिल्हाभर चालेल, पण माणकडे जाताना त्याच्या जोडीला पाण्याची एक बाटली जास्त हवी. त्याला दुसरा इलाज नाही.

डबा साबणाच्या डबीएवढा घ्या. प्रवासात नेतो तसली प्लॅस्टिकची डबी उत्तम. पत्र्याची दिसायला झोकदार असते, पण दोन पावसाळ्यांत गंजते. झाकण पक्कं बसावं म्हणून पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब मागून घ्या आणि तिच्या बोटभर रुंदीच्या दोन कड्या कापून डबीवर चढवा. पैसे कुणी घेणार नाही. या कड्यांचा आणखी एक उपयोग आहे, तो पुढे येईल. आणि डबा सॅकमध्ये ठेवायचा नाही. सॅक आपण खाली ठेवतो, मित्राच्या पाठीवर देतो, बोटीत विसरतो. डबा पँटच्या खिशात. जी वस्तू खिशात टोचते ती माणूस तिसऱ्या ट्रेकला घरी ठेवतो, म्हणून लहान ठेवायचा, एवढंच त्या लहानपणाचं कारण.

पहिली वस्तू डब्यात मावणारच नाही, तरी पहिली तीच. कचऱ्याची मोठी काळी पिशवी. घरातल्या डब्याची छोटी नव्हे, सोसायटीच्या पिंपाला लावतात ती, जाड. दोन घ्या. घडी घालून मागच्या खिशात सपाट बसतात. एकीच्या बंद टोकाला, कोपऱ्याच्या थोडं खाली, चेहरा बाहेर येईल एवढी चीर द्या आणि ती डोक्यावरून अंगात घाला. तोंड-नाक कायम मोकळं, हे कितीही थंडी असली तरी. आपल्याकडचा मेंढका घोंगड्याची खोळ करून पावसात तासन्‌तास उभा राहतो ना, त्यातलीच ही गत. वारा आणि पाणी अंगाला लागू द्यायचं नाही. पाणी हवेच्या जवळजवळ 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणून भिजलेला सुती टी-शर्ट अंगावर ठेवण्यापेक्षा तो काढून, पिळून, कोरडं काही असेल ते घालून मग पिशवीत शिरलेलं बरं. दुसऱ्या पिशवीत वाळलेला पाला भरा, नीट बघून, काठीने हलवून, आणि तिच्यावर बसा. लोक वरून पांघरतात आणि खाली ओल्या दगडावर बसतात. जमीन खालून सगळी ऊब ओढून घेते. पाला नसेल तर सॅक रिकामी करून तिच्यावर बसा, दोराचं वेटोळं असेल तर त्यावर, पण दगडावर नको.

चांदीसारखा चकचकीत पातळ कागद मिळतो, 'इमर्जन्सी ब्लँकेट' म्हणून, तो ठेवायला हरकत नाही. सिगारेटच्या पाकिटाएवढी घडी होते. फक्त त्याची ख्याती त्याच्या कामापेक्षा मोठी आहे. तो शरीराची ऊब परत अंगाकडे फेकतो, पण वाऱ्यात फडफडतो, करवंदीच्या काट्याला लागला की टरकन फाटतो. पिशवीच्या आत, अंगाभोवती गुंडाळलात तर त्याचं चीज होईल. नुसता वर घेतलात तर रात्रभर तो धरून ठेवण्यातच हात गारठतील. आईंना सांगा, पांघरूण घेतलंय.

दुसरी वस्तू शिट्टी. माणूस ओरडून ओरडून अर्ध्या तासात घसा बसवून घेतो आणि त्याची हाक दोन ओढ्यांपलीकडे जातही नाही. शिट्टीला ताकद लागत नाही. पीटीच्या सरांच्या शिट्टीत आत गोळी असते, ती पाण्याने अडकते. बिनगोळीची चपटी प्लॅस्टिकची घ्या. एकापाठोपाठ तीन फुंकायच्या, मिनिटभर थांबून कान द्यायचा, पुन्हा तीन. थांबणं महत्त्वाचं आहे, नाहीतर समोरून आलेला आवाज आपल्याच शिट्टीत बुडतो. तुमच्या सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याचं बकल एकदा नीट बघा. बऱ्याच सॅकमध्ये त्या बकलातच शिट्टी असते आणि मालकाला वर्षानुवर्षं पत्ता नसतो. तरीही एक डब्यात ठेवा, कारण वर म्हटलं तसं, सॅकचा भरवसा नाही.

तिसरी, बॅटरी. मोबाईलची नव्हे. मोबाईलची बॅटरी पेटवून उतरणारे बघितले की माझा जीव खालीवर होतो. एक हात त्यात अडकलेला, आणि मदतीला फोन करायचं एकमेव साधन पायाखालचे दगड दाखवण्यात संपत चाललेलं. कपाळाला बांधायची छोटी हेडटॉर्च घ्या, एका-दोन बारीक पेन्सिल सेलवर चालणारी. डब्यात ठेवताना एक सेल उलटा बसवा. खिशात बटण दाबलं गेलं तरी ती पेटत नाही. नाहीतर वर्षभर जपलेली बॅटरी नेमकी त्या दिवशी कोमट आणि मेलेली निघते. जादा सेल कागदात गुंडाळून, दोन टोकं एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवा. आणि बॅटरी आहे म्हणून अंधारात चालायचं असं नाही. वाट ओळखीची नसेल तर ती पेटवून बसायची जागा शोधायची, बसायचं, मालवायची. शोधणाऱ्यांचे आवाज आले की पुन्हा पेटवायची. वासोट्याच्या बाबूकड्याच्या दिशेने अंदाजाने दहा पावलंही टाकायची नाहीत.

आरसा राहू दे की काढू? उघड्या माळावर, उन्हात, कुणी बघणारं असेल तर आरशाचा झोत फार लांब जातो. वासोट्याच्या झाडीत बसून तो कुणाला दाखवणार? माणकडे जाताना ठेवा. होकायंत्राचंही तसंच. नकाशा वाचता येत असेल तर ते सोनं, नसेल तर उत्तर कुठे हे कळून तुम्ही काय करणार, बामणोली कुठे ते कळायला हवं. त्यापेक्षा फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, ते उपग्रहावर चालतं, टॉवरवर नाही. बोटीत बसतानाच फोन फ्लाइट मोडवर टाका. रेंज शोधण्यातच त्याचा जीव जातो.

आगीबद्दल तरुण मुलांना फार हौस असते, म्हणून जरा थांबते. चकमकीने ठिणगी पडते, पण ठिणगी धरायला कोरडं, भुसभुशीत काही लागतं, आणि आपल्याकडे पहाटेच्या दवाने गवताची काडीही ओली असते. घरी अंगणात सराव केल्याशिवाय चकमक म्हणजे खेळणं. साधा लायटर ठेवा, आणि त्याच्या जोडीला देवघरातला कापूर. कापराची वडी ओल्या हातानेही पेटते, पाण्यावर तरंगतानाही जळते. दोन वड्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, सोबत दोन मिरे. घरोघरी कापराच्या डबीत मिरे असतात, ते तो उडून जाऊ नये म्हणून. कापूर मुळात उघडा राहिला की हवेत विरतोच, त्यामुळे गुंडाळी नीट हवी, आणि खाण्याच्या वस्तूंपासून लांब, नाहीतर चिक्कीला आरतीचा वास येतो. डबीवरच्या ट्यूबच्या कड्यांचा दुसरा उपयोग हा : ओलं रबरही पेटतं आणि बराच वेळ जळतं, काटक्या वाळवण्यापुरतं. धूर काळा आणि घाणेरडा, तोंडाजवळ नको.

इतकं सांगून म्हणते, पेटवू नका. वासोटा कोयना अभयारण्यात आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि तिथे आगीबाबत कायदा कडक आहे तो उगाच नाही. जानेवारीनंतर सगळं गवत वाळलेलं असतं, एका शेकोटीचा वणवा व्हायला वारा पुरतो. शिवाय कड्याखाली धूर केलात तर वरचं आग्या मोहोळ उठतं, मग थंडी परवडली. जीवावर बेतलं, कुणी भिजून गारठलंय आणि दुसरा उपायच उरला नाही, तरच. तेही दगडांच्या आळ्यात, विझवायचं पाणी बाजूला ठेवून. एरवी पिशवी आणि पाला यांनीच रात्र निघते.

मोहोळाचा विषय निघालाच आहे तर : सेट्रिझिनच्या, म्हणजे ॲलर्जीच्या दोन गोळ्या डब्यात असाव्यात, डॉक्टरांना विचारून. माश्या उठल्या की चेहरा झाकून सरळ पळायचं, झाडीत, लांब, हात न झटकता. नांग्या नखाने खरवडून लगेच काढायच्या. कुणाला आधी कधी माशी चावून श्वासाला त्रास झाला असेल, तर त्याने ट्रेकआधी डॉक्टरांशी बोलावं, त्याच्यासाठी सेट्रिझिन पुरेशी नाही. सापाचं किट म्हणून जे विकतात, ते पातं आणि चोखायचा पंप, ते मुळीच घेऊ नका. फुरसं असो की घोणस, कापणं, चोखणं, दोरीने आवळून बांधणं यातल्या प्रत्येकाने नुकसानच होतं. चावलेला हात-पाय काठीला बांधून स्थिर ठेवायचा, अंगठी-घड्याळ काढायचं, माणसाला चालवायचं नाही, आणि प्रतिविष असलेलं सरकारी रुग्णालय गाठायचं. यासाठी लागतो तो क्रेप बँडेजचा एक रोल. मुरगळलेल्या पायालाही तोच. रक्त थांबवायला गॉझचे दोन तुकडे, वरून तळहाताने दहा मिनिटं दाब, मध्ये उचलून बघायचं नाही. मुलींनी आपला सॅनिटरी पॅड ठेवावाच, आणि मुलांनीही एक ठेवला तर बिघडत नाही, गॉझ पुरलं नाही तर मोठ्या जखमेवर दाबायला चालतो. बाकी पॅरासिटामॉल, ओआरएसचं एक पाकीट, आणि स्वतःचं रोजचं औषध दोन दिवसांचं. दम्याचा पंप असणाऱ्याने तो डब्याआधी खिशात घालावा. पावसाळ्यात जळवांसाठी मिठाची पुडी. जळू निघाल्यावर रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारा रस सोडते. घाबरायचं काही नाही.

पाण्यासाठी क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी आणि दुधाची रिकामी, धुतलेली लिटरची पिशवी. हसू नका, तिची घडी तिकिटाएवढी होते आणि ती सहसा फुटत नाही. ओढ्याचं पाणी रुमालातून गाळायचं, पाकिटावर लिहिलंय तेवढी गोळी टाकायची, अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळीचा जोर चिखलावरच खर्च होतो, म्हणून गाळणं आधी. ओआरएस टाकायचं ते या अर्ध्या तासानंतर, आणि अख्खं पाकीट अख्ख्या लिटरला.

खायला एक चिक्की किंवा गूळ-शेंगदाण्याची पुडी. कंदी पेढे न्यायचे असतील तर सॅकमध्ये न्या, डब्यात त्यांचा लगदा होतो.

पॅराकॉर्डचं कडं चांगलं आहे, ते ठेवा, पण हाताला शोभेचं म्हणून नको. ते एकदा घरी उसवून बघा. बहुतेकांना ते उसवताच येत नाही. तीन-चार मीटर दोरीचं खरं काम आपल्याकडे एकच : बुटाचा तळवा. कपाटात वर्ष-दीड वर्ष पडून असलेल्या बुटाचा फोम आतून कुजतो आणि उतरणीवर अख्खा तळवा जिभेसारखा लोंबायला लागतो. तेव्हा दोरी बुटाच्या पुढच्या भागाभोवती दोन वेढे, मग घोट्यामागून फिरवून पुढे गाठ. गाठ वर यायला हवी, तळव्याखाली आली की पाच मिनिटांत झिजून तुटते. वर चिकटपट्टीचे दोन पट्टे. ही चिकटपट्टी म्हणजे जाड कापडी डक्ट टेप, तिचा अख्खा रोल न नेता जुन्या एटीएम कार्डावर मीटरभर गुंडाळून ठेवा. दोन सेफ्टी पिना, जाड सुई. चाकू तुमच्या डबीतला छोटा आहे तो पुरे. वायरची करवत मामांकडे द्या, त्यांना पेरूच्या फांद्या छाटायला उपयोगी पडते का बघू द्या.

उरली जागा कागदाला. पोस्टकार्डाच्या चौथाईएवढा कागद, त्यावर पेन्सिलने घरचे आणि दोन मित्रांचे नंबर, रक्तगट, औषधाची ॲलर्जी. पेन्सिलने, कारण शाई पाण्यात फुटते. फोन बंद पडला की आपल्याला आईचाही नंबर आठवत नाही. छोटी पेन्सिलही ठेवा, निरोप लिहून कुणाबरोबर धाडता येतो. सोबत पाचशेची एक नोट आणि थोडी सुटी नोट-चिल्लर. रेंज नाही तिथे यूपीआयही नाही, आणि परतीच्या वडापवाल्याला रोखच लागते.

मित्रांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. मोबाईल लागतोच. 112 ला फोन लावताना तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कुठल्या कंपनीची असेल तर तो लागतो, म्हणून 'नो सर्व्हिस' बघून सोडून देऊ नका. कॉल लागत नाही तिथे कधी कधी एसएमएस सुटतो. पण कोयनेच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी यातलं काहीच होत नाही, आणि त्या वेळी कामाला येतो तो आदल्या रात्री घरी ठेवलेला कागद : कुठे चाललो, कोण कोण, कुठली बोट, कुठली वाट, आणि 'रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर अमुक नंबरला कळवा'. ही वेळ लिहिणं सगळ्यात गरजेचं. वेळ लिहिली नाही तर घरचे 'येतील, ट्रॅफिक असेल' म्हणत मध्यरात्र करतात. महाबळेश्वर ट्रेकर्ससारखी माणसं रात्री-बेरात्री दरीत उतरून लोकांना वर काढतात, पण कुठल्या दरीत उतरायचं हे कुणीतरी सांगायला हवं. बामणोलीला वनखात्याची परवानगी घेताना नावं खरी आणि सगळी लिहा. हा कागद तुमच्या आईंच्या हातात द्या. तुमच्या सामानापेक्षा त्याने त्यांना बरं वाटेल.

आता बहिणीचं. हा डबा त्यांना देऊ नका, त्यांच्या कामाचा नाही. पुरात माणूस हरवत नाही, तो आपल्याच घरात, माडीवर, चारी बाजूंनी पाणी घेऊन बसतो, आणि त्याला बातमी आधी मिळालेली असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी किती, हा पावसाळ्यातला रोजचा प्रश्न. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. म्हणजे तिथे किट हे निघून जाण्याचं किट. गावभागातल्या माणसाने 45 ची वाट बघायची नाही, 40 लाच बाहेर पडायचं, हे त्यांच्याशी बोलून ठरवून टाका, कुणाकडे जायचं ते घरही ठरवा. कारण उशीर झाला की नावेवर भिस्त, आणि त्याच पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली. नावेत चढायची वेळ आलीच तर लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय आणि भरलेल्या नावेत नाही, मग मागून कुणी कितीही घाई करो.

त्यांच्यासाठी एक शाळेचं दप्तर भरा. आधार, रेशनकार्ड, पासबुक, घराची कागदपत्रं, विम्याची पॉलिसी, मुलांचे दाखले हे सगळं दुहेरी झिपच्या पिशवीत, आणि प्रत्येकाचा फोटो काढून तुमच्या फोनवर. सासऱ्यांची बीपी-शुगरची औषधं असतील तर पंधरा दिवसांची, चिठ्ठीसकट. पॉवर बँक, बॅटरी, शिट्टी, क्लोरीन, ओआरएस, रोख, बाळ असेल तर त्याचं. पाणी चढायला लागलं की आधी मेन स्विच बंद, मग दप्तर, मग माणसं. गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून ठेवायला विसरतात, तोही. पुराच्या पाण्यातून चालताना पायात चप्पल नको, बूट हवेत. उघडी गटारं आणि काच दिसत नाहीत, म्हणून हातात काठी घेऊन पुढे टोचत जायचं. ओसरल्यावर घरात शिरण्याआधीही काठी आपटायची, पाण्याबरोबर साप कोरड्या जागी येऊन बसलेले असतात.

दप्तर जूनच्या पहिल्या आठवड्यात भरायचं. तुमचा डबा वर्षातून दोनदा उघडा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दसऱ्याला शस्त्रं पुजतात तेव्हा. गोळ्यांच्या तारखा बघा, सेल बदला, कापूर शिल्लक आहे का वास घेऊन नव्हे तर उघडून बघा, लायटर पेटवून बघा. क्लोरीनच्या गोळ्यांची पट्टी फुटली असेल तर टाकून द्या, त्या हवेतल्या ओलीनेच निकामी होतात. आणि वासोट्याला निघण्याआधी एका रविवारी अजिंक्यताऱ्यावर संध्याकाळी जा, काळी पिशवी अंगात घालून तासभर बसा. लोक बघतील, बघू द्या.